फळ्यावरची सही

दर शुक्रवारी मी ऑफिसात एक कागद तयार करतो. प्रयोगशाळेचा अहवाल आला की समुद्राचं पाणी ‘पोहण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असं टाइप करायचं, खाली सही ठोकायची आणि कागद शिपायाकरवी किनाऱ्यावरच्या फळ्यावर लावायला पाठवायचा. सलग अकरा आठवडे पाणी योग्यच होतं. बाराव्या शुक्रवारी साडेपाच वाजले तरी अहवालाचा पत्ता नाही. मी जुन्याच कागदाची तारीख बदलली, तो शिपायाकडे दिला आणि घर गाठलं. (समुद्र काय, एका आठवड्यात असा कितीसा बिघडणार?)

रविवारी सासरे आले. त्र्याहत्तर वर्षांचे, निवृत्त ड्रिलमास्तर.

“जावईबापू, पोहायला जाऊ म्हणतो. पाणी कसं आहे?”

“बाबा, फळ्यावर माझी सही आहे,” मी छाती फुगवून म्हणालो. बायकोने टॉवेल भरले.

किनाऱ्यावर बाप-लेक थेट आत शिरले. मी घोट्याएवढ्या पाण्यात चपला सांभाळत उभा राहिलो. शेजारी एका बाईने फळा वाचला, मान डोलावली आणि कडेवरच्या बाळाला पाण्यात बुडवून काढलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या आठवड्याचं पाणी कुणी तपासलंय की नाही हे मला कुठे माहीत होतं? तेवढ्यात सासरे ओंजळीने पाणी तोंडात घेऊन खळखळून गुळण्या करताना दिसले.

“बाबा, गुळण्या नका करू,” मी ओरडलो.

“मिठाचं पाणी घशाला उत्तम असतं,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरी ओंजळ घेतली.

“अहो, बाहेर या दोघं. ढग आलेत.”

बायकोने वर पाहिलं. औषधालासुद्धा ढग नव्हता. ती शांतपणे पोहत काठाशी आली. “काय झालं? खरं सांगा.”

मी सगळं ओकलो. शुक्रवार, तारीख, ते बाळ, सगळं. सासऱ्यांना काही झालं तर त्यांना, तुला आणि साहेबांना कोणत्या क्रमाने तोंड दाखवू, हेही विचारलं.

“पाणी स्वच्छ आहे,” ती म्हणाली. “अहवाल पावणेसहाला आला होता. तुम्ही निघून गेला होतात.”

“तुला कसं कळलं?”

“प्रयोगशाळेतल्या बाईंना काल फोन केला. बाबा येणार म्हणजे पोहायला जाणारच ना.”

मी ओल्या वाळूत मटकन बसलो. इतकं हलकं मला लग्नानंतर प्रथमच वाटत होतं. बाळ खिदळत होतं, सासऱ्यांची तिसरी गुळणी चालू होती आणि ती मला गाण्यासारखी गोड वाटली. सोमवारी साहेबांना स्वतःहून सगळं सांगायचं आणि पुन्हा अहवालाशिवाय सही करायची नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. मग मात्र थोडा अपमान जाणवला.

“म्हणजे माझ्या सहीवर तुझा विश्वासच नाही?”

“सहीचं काही नाही हो,” ती केस पिळत म्हणाली. “मला बघायला आलात तेव्हा तुम्ही बाबांना ‘मी पट्टीचा पोहणारा आहे’ म्हणून सांगितलं होतंत. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत मी तुम्हाला काही विचारत नाही.”