नवमीला गर्दी नसते

आमचे अण्णा जत्रेला जातात ते जत्रा उठल्यावर.

चेष्टा नाही करत. लग्न होऊन मी वडवणीला आले त्या पहिल्याच वर्षी सासरे म्हणाले, "चला, जत्रा दाखवतो." मी नवी साडी नेसून निघाले. जाऊन बघते तर पाळण्याचे नटबोल्ट खोलणं चाललेलं, दुकानांची पालं गुंडाळलेली, आणि एक रेवडीवाला परातीचा तळ खरवडत बसलेला. अण्णांनी त्याच्याकडून ती तळाची रेवडी घेतली, माझ्या हातावर ठेवली आणि चौफेर बघून मोठ्या समाधानाने म्हणाले, "हाय का धक्काबुक्की? हाय का कुणाचा पाय पायावर? याला म्हणतेत जत्रा!" माझ्या दोन्ही लेकरांना तर कितीतरी वर्षं वाटायचं, की जत्रा म्हणजे बांबू बांधून ट्रकमध्ये भरतात ती.

अण्णांनी उभं आयुष्य जनावरांच्या बाजारात दलाली केली. बैलाचे दात बघायचे, रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरवायचा आणि दुपार कलेपर्यंत नुसतं थांबायचं. "चढत्या बाजारात येडा घेतो, उठत्या बाजारात शाना," हे त्यांचं एकमेव शास्त्र. बैलाच्या बाबतीत खरं असेलही, मला काय कळतंय त्यातलं? पण माणसाने दवाखान्यातही उठत्या बाजारात जावं का? एकदा ताप अंगात घेऊन हा माणूस दिवसभर घरी पडून राहिला, कारण दवाखान्यात गर्दी. शेवटी डॉक्टर कुलूप लावून मोटारसायकलला किक मारत होते तेव्हा अण्णा पोहोचले. डॉक्टरांनी गाडीवर बसल्या बसल्याच त्यांना तपासलं. घरी आल्यावर अण्णा आम्हालाच सांगायला लागले, "नंबर लावावा लागला न्हाई!"

लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर वाढपीच जेवायला बसलेले असतात, त्यांच्यात हे एक. एसटी भरलेली आली की सोडून देतात, "मागून रिकामी येतीय." मागून रिकामी कधी येत नाही. मागून मुक्कामाची येते, तीही भरलेली.

मी अंगणवाडीत काम करते. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं, संध्याकाळी आपली, आणि मधल्या वेळात अण्णा. आत्याबाई होत्या तोवर त्यांना सांभाळायचं खातं त्यांच्याकडे होतं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. शांत बाई. अण्णांचं शास्त्र ऐकून त्या फक्त "बरं" म्हणायच्या आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायच्या. मला असा राग यायचा त्या "बरं"चा!

त्यांनी जन्मात एकच हट्ट धरला. तोही हट्ट म्हणायच्या लायकीचा नव्हता. आष्टीला त्यांची धाकटी बहीण असते. ती लेकासुनांबरोबर पुण्याकडच्या एका पाण्याच्या पार्कला जाऊन आली आणि मोबाईलवरचे फोटो दाखवून गेली. तेव्हापासून आत्याबाई दरवर्षी विचारायच्या, "आवो, औंदा जायचं का आपुन समदे त्या पाण्याच्या पारकात?"

झालं. अण्णांना विषयच मिळाला.

"उन्हाळ्यात? उन्हाळ्यात आख्खं पुणं त्या पाण्यात बसलेलं आसतंय. लोकाच्या घामात बुडायला पैशे द्यायचे व्हय?"

मग पाऊस लागला की आत्याबाई पुन्हा विचारायच्या.

"येडी का काय तू? वरून फुकट पडायलंय, आन् आपुन खाली इकत घ्यायचं?"

दिवाळीच्या आसपास कापूस वेचायचा असायचा, आणि ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरलेला असायचा. थंडीत पाण्यात उतरलं की निमोनिया. पुढे पोरांच्या परीक्षा, परीक्षा संपल्या की लगीनसराई, आणि लगीनसराई म्हणजे उन्हाळा. फिरून पुन्हा अख्खं पुणं पाण्यात. अण्णांच्या हिशेबात सहलीचा महिना देवाने बनवलाच नव्हता. आत्याबाई "बरं" म्हणून डाळ निवडायला लागायच्या.

दोन वर्षांखाली त्या गेल्या. सकाळी चहा ठेवला, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि बीडच्या रस्त्यातच संपलं सगळं. बायका म्हणाल्या, नशीबवान गं बाई, भरल्या कपाळाने गेली. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावर कसलं आलंय नशीब?

अण्णा वर्षभर गप्प होते. बाजारात जाणं सोडलं. दारात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या एसट्या बघायचे. मग यंदा उन्हाळा सरता सरता काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी आपणहून पार्कचा विषय काढला. पुण्याहून जो येईल त्याला धरायचे, "काय बे, त्या पारकात माणसं कमी कवा आसतेत?" माझ्या लेकीकडून नंबर काढून पार्कलाच फोन लावला, तोही स्पीकरवर. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सोमवार ते शुक्रवार या सर.

"ते ठीक हाय. पर पितरपाट्यात कशी आसतीय गर्दी?"

"सॉरी सर?"

"पितरं जेवू घालतेत ना बाई, त्या पंधरवड्यात!"

मुलीने फोन ठेवला. अण्णांनी मात्र मांडी थोपटली. "ठरलं. पितरपाट्यात कुणी हौसमौज करत न्हाई. नवमीला जायचं. पारक मोकळं गावतंय."

मी कणीक मळत होते. हात तसाच राहिला. "अण्णा, अविधवा नवमीला आत्याबाईंचं पान असतं."

"म्हणून तर. समदे आपापल्या घरी आसतेत त्या दिशी."

माझ्याऐवजी भांडीच बोलली. रात्री नवऱ्याला म्हटलं, "अहो, जिवंत होती तेव्हा या माणसाला महिना सापडला नाही, आणि आता तिच्याच तिथीला हे उड्या मारायला निघाले! लोक तोंडात शेण घालतील." माझा नवरा आईच्या वळणावर गेलाय. म्हणाला, "बरं, बघू." आणि गाडी सांगून आला.

नवमीला मी तांबडं फुटायच्या आधी उठले. खीर, कढी, वडे, गवारीची आणि भोपळ्याची भाजी, सगळं रांधलं. शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं, तेही लोकांच्या चहाच्या वेळेला. बिचाऱ्या अर्धवट झोपेत वडा चावत होत्या. त्यांची ओटी भरली. गच्चीवर पान ठेवलं, तर कावळेसुद्धा अजून उठले नव्हते. खाली अण्णा गाडीचा हॉर्न वाजवायला लावतायत. मी वरूनच ओरडले, "कावळा तरी शिवू द्या की!" तर म्हणे, "ऱ्हाऊ दे गं त्याला. चल, उशीर व्हतोय." नगर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

पार्क खरोखर मोकळं होतं. इतकं मोकळं, की तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस आम्हाला बघून दचकला. अण्णा आनंदाने टोपी मागेपुढे करायला लागले. "बघितलं का? बोललो व्हतो का न्हाई?"

धोतरावर पाण्यात सोडत नाहीत म्हटल्यावर थोडं भांडण झालं. शेवटी अण्णा आतून बाहेर आले ते गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी, वर बनियन आणि डोक्यावर टोपी अशा थाटात. लेकरं हसून हसून लोळली. खरं सांगते, मलाही हसू आवरेना.

पण हसणं तिथंच संपलं. मोठ्या तळ्यात लाटा येतात म्हणून पोरं धावत गेली, तर पाणी बशीतल्या चहासारखं गप्प. तिथला माणूस म्हणाला, पब्लिक जमल्याशिवाय लाटा सोडत नाही. अण्णा म्हणाले, "आरं, पब्लिक न्हाई म्हणून तर आलो आमी!" तो म्हणाला, मग बसा काका. उंच घसरगुंडीही बंद, तेच कारण. खायच्या दुकानांत एक उघडं, त्यात फक्त वेफर्स. माझी लेक गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "आई, हीपण जत्रा उठलीय का?" सोहम, माझा धाकटा, रडकुंडीला आला. माझी कंबर पहाटेपासून दुखत होती. वाटलं, इथंच आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

चालू होतं ते एकच. पार्कभोवती फिरवलेला पाण्याचा एक पाट. त्यात टायर सोडायचं, वर बसायचं, पाणी आपलं आपण हळूहळू नेतं. तिथं दोन माणसांचं टायर होतं. सोहमने अण्णांचा हात धरून ओढलं, "अण्णा, आपण दोघं! आपण दोघं!" अण्णा बसले. सोहम शेजारी चढायला गेला, तर अण्णांनी त्याला अलगद उचलून काठावर ठेवला. "तू न्हाई. तू मायसंगं ये दुसऱ्यात."

पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. टायर सोडणारा मुलगा म्हणाला, "काका, हे डबल आहे. एकट्याला नाही देत."

"दोघं हाव," अण्णा म्हणाले.

आता मात्र माझा बांध फुटला. पाण्यात उतरून मी टायरच धरलं. "अण्णा, पुरे झालं! आत्याबाईंचं पान कावळ्याच्या भरवशावर टाकून आले मी. लेकरांना इथं काही मिळालं नाही. एक हा पाट चालू आहे, त्यातही नातवाला बसू देत नाही तुम्ही. का म्हणून? गर्दी होते का त्याची?"

अण्णांनी टोपी काढली. मी त्यांना बिनटोपीचं फार कमी वेळा बघितलंय. म्हातारे दिसले एकदम.

"सुमन, आज नवमी हाय," ते हळूच म्हणाले. "वरसातून आजच्या दिशी ती येतीय ना घरी? दुसऱ्या दिशी आलो आसतो, तर तिला कशी आणली आसती म्या?"

मी टायर धरूनच उभी राहिले.

"कावळ्यासाठी थांबलो आसतो तर ती तिथंच जेवत बसली आसती," अण्णा म्हणाले. "म्हणून घाई केली. ती म्हणायची, उभा जलम डोक्यावर पाणी वाह्यलं. हौदावरून वाह्यलं, टँकरवरून वाह्यलं. एकदा पाण्यानं मला न्यावं, आन् म्या नुसतं बसावं. एवढंच म्हणायची. आन् म्या म्हणायचो, गर्दी लई हाय."

त्यांनी शेजारची जागा हाताने पुसली, कुणाला बस म्हणण्याआधी पुसतात तशी. मी आत्याबाई गेल्या तेव्हा रडले होते, पण ते रडणं पाहुण्यांचा चहा, दहावा-तेरावा यातच संपलं होतं. आत्ता मला हुंदका आवरेना.

मुलगा पुन्हा म्हणाला, "ताई, डबलला दोन माणसं लागतात."

"दोघं आहेत," मी म्हटलं. "सोडा तुम्ही."

त्याने माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि टायर पायाने लोटलं. पाण्याने ते सावकाश उचललं. अण्णा अंग चोरून एका कडेला बसले होते. वळणाआड जाता जाता त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, थोडा खेकसल्यासारखा.

"पदर आवर. टायरात आडकंल."