अजून कोण राहिलं?

आमचे पावसकर वकील जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माणसं मांडतात. वर मयताचं नाव, खाली फांद्या, आणि प्रत्येक फांदीशी पेन थांबवून एकच प्रश्न, "अजून कोण राहिलं?"

सासरे गेले तेव्हा पालीचं घर आणि आंब्याची कलमं त्यांच्याच नावावर होती. माझे मालक त्यांच्या आधीच गेलेले, मूलबाळ नाही. मुंबईचे भावोजी म्हणाले, "वैनी, नाव माझं एकट्याचंच लावू. तुम्हाला काय कोण बाहेर काढतंय?" चार माणसांत मला बोलता येत नाही. पण तेच भावोजी अंगणात फोनवर कुणा गिऱ्हाइकाला घराच्या खोल्या सांगताना मी ऐकले. दुसऱ्या दिवशी एसटी धरून रत्नागिरी गाठली.

वकिलांनी भावोजींचं नाव लिहिलं, माझं लिहिलं. "अजून कोण राहिलं?"

मी पिशवी आवरायला लागले.

"वैनी, म्हाताऱ्याला लेक नव्हती?"

होती. शालूवन्सं. घरच्यांना न विचारता लग्न करून नाटे गावी गेल्या, तेव्हापासून त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं.

मुंबईची माणसं एरवी सापडत नाहीत, म्हणून वकील सह्यांना गणपतीतच घरी येत. पहिल्या वर्षी भावोजी उसळले, "शालू आम्हाला मेली!"

"मग मृत्यूचा दाखला आणा," वकील म्हणाले आणि दुसरा मोदक फोडला.

पुढल्या वर्षी भावोजी माझ्यापुरती सही करायला कबूल झाले. पण वकील अडून, लेकीशिवाय कागद पुढे जाणार नाही. पाचही दिवस येत, आरती बेसूर आणि सगळ्यांच्या वर म्हणत, आणि निघताना, "अरेच्चा, शाईचा पॅड राहिला. उद्या येतो." मी खेपा घालून दमले होते. वाटे, कसला हा वकील गाठला!

तिसऱ्या वर्षी ऐन आरतीत दारात रिक्षा थांबली. वकिलांमागून शालूवन्सं उतरल्या, केस पिकलेले. भावोजींच्या हातात आरतीचं ताट. ते खाली ठेवून भांडता येईना.

"दादा, कापूर विझतोय," वन्सं म्हणाल्या.

भावोजींनी ताट त्यांच्यापुढे धरलं. त्या दिवशी पॅड वकिलांच्या खिशातच होता.

नोंद झाली. उताऱ्यावरचं माझं नाव एसटीत मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग कोकमं घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी आमच्या कॅलेंडरची गुंडाळी करून दोरा बांधला.

"झालं, वैनी. आता तुमच्याकडे माझं काम नाही." दोऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "यंदा गणपतीला सगळे येतील ना? वन्सं?"

"येतील."

कचेरीमागेच त्यांची खोली. खिडकीत एक ताट आणि एक वाटी पालथी घातलेली होती.

"छान. अजून कोण राहिलं?" सवयीनंच विचारलं असावं.

"तुम्ही," मी म्हटलं. "पाचही दिवस या. आणि पॅड विसरून या."