फाडूभाऊची अनधिकृत बैठक

कोणतीही संस्था सुरळीत चालते ती कामाला उशीर करणाऱ्या एखाद्या माणसामुळे, आणि हे कळतं त्याला हाकलल्यावर.

पेशी ही अशीच एक संस्था. मधोमध केंद्रक, म्हणजे हेड ऑफिस. तिथे डीएनए नावाची मूळ फाईल असते. ती बाहेर न्यायला बंदी (उघडायलाही बंदी घालायचं चाललं होतं, पण मग काम काय करणार?). म्हणून तिची नक्कल काढतात, तिला म्हणायचं आरएनए. नक्कल काढणाऱ्याला सगळे सुसाट म्हणत. आता फाईलमध्ये कामाच्या मजकुराच्या अधेमधे भलंमोठं पाल्हाळ आहे. ते कुणी घुसडलं, माहीत नाही (काढायची हिंमत होत नाही, म्हणून त्याला वारसा म्हणतात). सुसाट तेही इमानदारीत उतरवतो. मग शेजारी बसलेली कात्रीमावशी पाल्हाळ कापते, कामाचे तुकडे जोडते, आणि ती जोडलेली नक्कल बाहेर जाते. तिच्यावरून प्रथिनं बनतात.

फाडूभाऊ स्वतःही एक प्रथिनच. कागदोपत्री नाव आर्गोनॉट. नेमणूक हेड ऑफिसच्या बाहेर. गळ्यात नमुन्याचा एक चिमुकला आरएनए अडकवायचा, त्याच्याशी जुळणारी नको असलेली नक्कल दिसली की टराटरा फाडायची. पुस्तकात तो बाहेर असतो, म्हणजे तो बाहेरच असतो, अशी आतल्यांची पक्की खात्री होती. तो आत, सुसाटच्या वाटेत स्टूल टाकून बसलेला असायचा, तरी ती ढळली नाही.

"भाऊ, पाय आवर ना. रोज ठेचकाळतो मी."

"मग हळू चाल. कुठे आग विझवायला निघालायस?"

त्याच्या गळ्यातला नमुना नेमका तिथेच जुळायचा, म्हणून तो तिथेच बसायचा. सुसाटचा वेग मंदावायचा. तेवढ्या वेळात मावशीला एक किरकोळ तुकडा दिसायचा, अगदी कचऱ्यासारखा.

"अगं बाई, हा तर कामाचा!" ती म्हणायची. दर वेळी नव्याने. आणि जोडून टाकायची.

मग कार्यक्षमता समिती आली. तिचे साहेब स्टुलाभोवती एक फेरी मारून थांबले.

"तुम्ही इथे काय करता?"

"बसतो."

"आणखी?"

फाडूभाऊने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "जरा आडवा बसतो."

अशा उत्तरानंतर माणूस वाचत नाही. त्याला बाहेर काढलं आणि बजावलं, पुन्हा आत दिसलास तर थेट भंगारात. (पेशीच्या भंगारात प्रथिनाचा खिळा न् खिळा सुटा करतात. निरोप समारंभ नसतो.)

सुसाट जो सुटला! मावशीची कात्री कचाकच. तो किरकोळ तुकडा पाल्हाळाबरोबर टोपलीत. समितीने टोपली उचलून पाहिली. पूर्वीपेक्षा जड! टोपली जड म्हणजे काम जास्त, हा निकष समितीचा स्वतःचाच. कौतुकाचा ठराव झाला. वेग दुप्पट, समाधान दीडशे टक्के.

नवं प्रथिन दिसायला झकास होतं. फक्त त्या तुकड्यावाचून त्याला आवळायचं तेवढं येई, सोडायचं येत नसे. आणि ही पेशी होती पोटरीतली. शेजारच्या पेशींमध्येही समित्या पोचल्याच होत्या. अख्खी पोटरी दगड झाली. भिंती आत आल्या, छत खाली.

मावशीने केंद्रकाच्या भोकातून डोकं बाहेर काढलं. "ए मेल्या! आत ये!"

"मावशी, भंगारात घालतील गं मला!"

"नाही आलास तर सगळेच चिरडून मरतोय! तू काम करतोस हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटायचं मी बसतो."

तो आला. स्टूल मांडलं तोच साहेब समोर. भंगारवाल्यांना हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पोटरी अशी आवळली की साहेब फाईल आणि भिंतीच्या मध्ये पापडासारखे चपटे झाले.

"बसा!" ते किंचाळले. "आधी बसा!"

फाडूभाऊ बसला. सुसाट ठेचकाळला. "अगं बाई!" मावशी म्हणाली. जरा वेळाने नवं प्रथिन बनलं, पोटरी सैल पडली.

पुढे नियमाचा प्रश्न उरला. आतली नेमणूक मंजूर नव्हती, आणि त्याला बाहेर घालवायची छाती कुणाची नव्हती. समितीने तोडगा काढला: स्टुलाखालची जागा यापुढे 'बाहेर' समजावी.

पोटरी तुमची होती. गोळा उतरला तेव्हा तुम्ही नुकतंच केळं संपवलं होतं. तेव्हापासून भेटेल त्याला केळी खायला सांगत फिरताय.