सिद्रामप्पांच्या डब्यातला दिवा

शेजारी मिक्सर लागला की भिंतीवर काठी आपटणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. सिद्रामप्पा. आधी तीन ठोके पडतात, मग भिंतीपलीकडून आवाज येतो, "कुणाचा लोड हाय?" शेंगाचटणी करायची म्हणजे चोरी करायची, अशी पाळी या माणसानं आमच्या घरावर आणली.

सिद्रामप्पांनी रेल्वेत आयुष्यभर डब्यांतल्या दिव्यांची कामं केली. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. यांनी बाहेरच्या खोलीतली खाट उभी केली आणि फळ्या टाकून त्यांवर खेळण्यातली गाडी मांडली. रूळ गोल, वीतभर लांबीचे चार डबे, प्रत्येकात खरोखरचे दिवे. ही गाडी शेजारच्या होटगी स्टेशनालाही पोचायची नाही, पण आतला दिवा जरा लुकलुकला की यांचं डोकं फिरतं. "माझ्या डब्यात पॅसेंजर पेपर वाचतोय, सर," असं मला एकदा सुनावलं होतं. पॅसेंजर प्लॅस्टिकचा होता.

या दिव्यांना वीज रुळांतून, चाकांमार्फत मिळते. चाकांवर धूळ बसली की दिवा लुकलुकतो. म्हणून ते रोज रूळ आणि चाकं पुसायचे. मग दोनच चाकांवर भागत नाही म्हणून सगळ्या चाकांना तांब्याच्या पट्ट्या लावल्या. मग क्षणभर वीज धरून ठेवणारा कपॅसिटर प्रत्येक डब्यात बसवला. तरी दिवा लुकलुकतोच, शेजाऱ्यांच्या लोडनं वीज कमी पडते म्हणायचे, आणि ठोके चालूच. केबलवाला, समोरचा यंत्रमागवाला, सगळ्यांशी भांडून झालं. बंगळुरातल्या मुलीशी फोनवर भांडले. लोकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. खरं सांगतो, मीही सोडलं.

गेल्या रविवारी ते दारात येऊन माझ्या बायकोला नाही नाही ते बोलले. माझं टाळकंच सटकलं. तसाच त्यांच्या घरात घुसलो. फळीखाली पाहिलं, तर गाडीची वायर बॅटरीला जोडलेली.

"गाडी बॅटरीवर चालते," मी ओरडलो. "मग आमच्या मिक्सरचा संबंध काय? जन्मभर विजेचं काम केलंत ना तुम्ही?"

त्यांनी गाडी सुरू केली आणि दिवा हलतोय का बघा म्हणाले. मी रागारागानंच वाकून बघितलं. चारही डब्यांत एकसारखा, शांत उजेड होता. अजिबात हलत नाही म्हणालो.

त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला. "मला हलतोय. ह्यो झाकला की लई हलतोय. उजवा झाकला की थिर."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"आणि तेव्हापासून आम्हाला शिव्या घालताय? डॉक्टर नाही सुचला?"

"मिक्सर बंद करता येतो की, सर," ते म्हणाले.

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, आणि भिंतीला भिंत लावून राहत असताना एकदाही आत न डोकावणाऱ्या माझा जास्त आला. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली, त्यांना स्कूटरवर बसवलं आणि वाटभर तोंड सोडलं. डोळ्यांच्या दवाखान्यासमोर रस्ता ओलांडताना त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली, ती आत नंबर लागेपर्यंत सोडली नाही.