बनसोडे काकांचा हक्काचा विरोधक

आमच्या वरच्या मजल्यावरचे बनसोडे काका स्वतःच्या ब्लॉगवर स्वतःचं पत्र छापायचं की नाही, हे ठरवायला चार-चार दिवस घेतात. पत्र लिहिणारे तेच, संपादक तेच, आणि सुरुवातीचे काही महिने वाचकही बहुतेक तेच. तरी पत्राच्या डोक्यावर 'मा. संपादक यांस, स. न. वि. वि.' असतंच. एकदा मी विचारलं, "काका, परवाच लिहून झालं होतं ना? मग टाकत का नाही?" तर गंभीरपणे म्हणाले, "विचाराधीन आहे."

एकदा तर त्यांनी आपलं पत्र चक्क नाकारलं. विषय आमच्या चौकातल्या गतिरोधकाचा होता. मला म्हणाले, "विषय चांगला होता, पण जागेअभावी घेता आलं नाही." मी त्यांना समजावून सांगितलं की ब्लॉगवर जागा कधी संपत नसते, हवं तेवढं लिहा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणूनच तुमचे लेख तसे होतात, देशमाने," असं म्हणून ते जिना चढून गेले.

माझाही ब्लॉग आहे, हे यावरून तुमच्या लक्षात आलं असेल. नाव 'अंतरंगाच्या उंबरठ्यावर'. बँकेतून घरी आलो की मी त्यावर संध्याकाळ, एकांत, आठवणींचा गंध असलं काहीतरी लिहीत बसतो. आमच्या सोलापुरात नळाला पाणी कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक, पण माझ्या लेखात मात्र बारा महिने रिमझिम चालू असते. वाचक दोन. एक मी संगणकावर आणि एक मी मोबाइलवर. बायको वाचते असं म्हणते. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "शेवट कसा वाटला?" ती म्हणाली, "आला, त्याचंच बरं वाटलं."

तर अशा या थोर साहित्यिकानं बनसोडे काकांना ब्लॉग काढून दिला. त्यामागची भावना उदात्त होती. बिचाऱ्या म्हाताऱ्याला आपण आधार देतोय, अशी.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. नोकरीत होते तेव्हापासून त्यांची पत्रं इथल्या एका वर्तमानपत्रात येत. खाली सही 'शि. ना. बनसोडे, सोलापूर'. बसथांब्याला सावली नाही, घंटागाडी आमच्या गल्लीत घंटा न वाजवताच येऊन जाते, कडुलिंबाच्या फांद्या तोडणारे बुंध्यापर्यंत का पोचतात, हे त्यांचे विषय. मधूनच छंदाबद्दलही लिहीत. जुने रेडिओ दुरुस्त करणं हा त्यांचा छंद. त्यांच्या घरात रेडिओच रेडिओ आहेत आणि त्यातला एकही एका वेळी पूर्ण जोडलेला नसतो.

इतकी वर्षं पत्रं लिहून त्यांची बोलीच पत्रासारखी झालीय. जेवताना "आमटीत मीठ कमी आहे, संबंधितांनी दखल घ्यावी" असं म्हणतात. काकू पुढची भाकरी ताटात टाकत म्हणतात, "संबंधित दमलेत, उठून घ्या." गुडघा दुखला की "प्रशासनाचं दुर्लक्ष." आणि समोरचा माणूस बोलताना जरा लांबला की हात वर करून, "दीडशे शब्दांत सांगा." माझ्या मेव्हण्यानं त्यांना एकदा आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली होती. ती साखरपुड्यातच संपली.

मग त्या वर्तमानपत्रानं वाचकांच्या पत्रांची जागाच बंद केली. तिथं राशिभविष्य मोठ्या अक्षरात यायला लागलं. काका दोन आठवडे खाली उतरले नाहीत. काकूच आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना काहीतरी करा हो. दिवसभर खिडकीत बसून खड्डे बघतेत, लिहीत काहीच नाहीत." म्हणून मी तो ब्लॉग काढून दिला.

सहा महिन्यांत त्याचे वाचक माझ्यापेक्षा जास्त झाले. माझ्यापेक्षा जास्त व्हायला काही लागत नाही, हे मला मान्य आहे. पण बसथांब्याच्या सावलीवरच्या पत्राखाली लोक 'अगदी खरं आहे काका' असं लिहितात आणि माझ्या 'सांजवेळेचे हळवे पडसाद'खाली कुणीतरी स्वस्तात गृहकर्ज देऊ करतो, हे बघून मला जेवण गेलं नाही. मी बँकेतलाच, गृहकर्ज मला काय सांगता?

आणि मग काकांनी ते पत्र टाकलं.

'मंगळवेढ्याच्या ज्वारीचे कौतुक गरजेपेक्षा जास्त होते. भाकरीच्या चवीचा निःपक्षपाती विचार केल्यास वैराग भागातील ज्वारी सरस ठरते, हे जाणकारांनी मान्य करावे.'

बाहेरच्या वाचकाला यात काय झालं ते कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य मोठ्यानं म्हणून मंगळवेढ्याच्या स्टँडवर उतरून दाखवावं. दोन दिवसांत त्या पत्राखाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कुणी काकांच्या दातांची चौकशी केली, कुणी त्यांना आयुष्यभर पाव खायचा शाप दिला. वैरागच्या दोघा-तिघांनी त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मी हेव्यानं काळाठिक्कर पडलो होतो, तरी वर जाऊन अभिनंदन केलं.

काका मोबाइलवर बोट फिरवत एकेक नाव वाचत होते. चेहरा पडलेला.

"काका, गाजलं की पत्र!"

"यात पडवळे नाहीत," ते म्हणाले.

"कोण पडवळे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोलापूर कुठं आहे असं विचारलंय. "रा. ध. पडवळे. मंगळवेढा."

मग मला आठवलं. वर्षानुवर्षं त्या वर्तमानपत्रात काकांचं पत्र आलं की आठवड्याच्या आत मंगळवेढ्याहून पडवळ्यांचं यायचं. सुरुवात ठरलेली: 'श्री. बनसोडे यांच्या मताशी मी असहमत आहे.' काकांनी गतिरोधक मागितला की पडवळे लिहायचे, गतिरोधकानं मणके जातात. काकांनी व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज गोड म्हटलं की पडवळे ट्रान्झिस्टरची बाजू घ्यायचे. काकांनी एकदा 'सकाळी लवकर उठावे' असं निरुपद्रवी पत्र लिहिलं होतं. त्यालाही पडवळ्यांनी सोडलं नाही.

"तुम्ही भेटलात कधी?"

"छे. भेटलो की ओळख होते. ओळख झाली की भांडता येत नाही."

"मग ते ज्वारीचं..."

"आमच्या घरी मंगळवेढ्याचीच ज्वारी येती हो, देशमाने," काका हळू आवाजात म्हणाले. "वैरागची मी खाल्लीसुद्धा नाही. म्हटलं, निदान एवढ्यावर तरी ते गप्प बसणार नाहीत. कॉलम बंद झाल्यापासून त्यांचा पत्ताच नाही. मी ब्लॉग कशासाठी काढला? आता माझं वाचून सगळे 'बरोबर आहे काका' म्हणतेत. त्याला काय अर्थ आहे?"

ब्लॉग मी काढून दिला होता, हे बोलायची ती वेळ नव्हती. आणि ज्याला 'बरोबर आहे' म्हणणारं माणूस उभ्या आयुष्यात मिळालं नाही, त्यानं यावर बोलावं तरी काय?

पुढच्या रविवारी पडवळ्यांचा पत्ता लावायला आम्ही दोघं एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत ते पुटपुटत मुद्द्यांची उजळणी करत होते. "ते पाण्याच्या पाळीवर येतील, मग मी उड्डाणपुलावर जाणार," असं मला सांगत होते. मीसुद्धा मनात माझ्या ब्लॉगसाठी या भेटीवरचा लेख रचत होतो. 'दोन वृद्ध वृक्षांची गळाभेट' असं शीर्षकही ठरवून टाकलं होतं. माझी कीव करायची तर ती इथं करावी.

पडवळ्यांचं घर बाजारपेठेतच, त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानामागं निघालं. सून बाहेर आली. काकांनी नाव सांगितल्यावर तिनं तोंडावर हातच ठेवला. "सोलापूरचं बनसोडे? अगं बाई! या की, बसा हितं. मामा आतच हायत."

पडवळे खुर्चीत बसले होते. अंगानं मोठा माणूस असावा, आता कपडे ढगळ झाले होते. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडून होता. गेल्या साली अर्धांगवायूचा झटका आला, असं सुनेनं सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं काकांचा हात धरला आणि थोडंसं हसले.

चहा आला. काकांनी घसा साफ केला. "पडवळे, ज्वारीबद्दल मी काय लिहिलंय ते कळलं का तुम्हाला? वैरागची सरस आहे म्हणतो मी."

पडवळे थांबून थांबून बोलत होते. "आसंल की. वैरागची बी चांगलीच आसती."

काकांनी कपबशी खाली ठेवली. "आणि गतिरोधक हवेतच."

"व्हय. हवंच."

"व्हॉल्व्हच्या रेडिओची सर ट्रान्झिस्टरला नाही."

"खरं हाय तुमचं," पडवळे म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

निघताना सून दारापर्यंत आली. "हात गेल्यापासनं आसंच हाय बगा. कशालाच न्हाय म्हणत न्हाईत. कालवणात मीठ पडलं न्हाय तरी बरं झालंय म्हणत्यात. पयलं ताट सरकवायचे, आमी रागवायचो. आता वाटतं, सरकवा की एकदा." तिनं पदरानं डोळे पुसले. काकांनी तिचा फोन नंबर घेतला.

परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसले. मग रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि डोळेही पुसले. "एकही मुद्दा खोडला नाही हो त्यांनी," ते म्हणाले. "सगळ्याला हो म्हणाले. इतका मोठा माणूस." मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. माझा लेख मी तिथंच सोडून दिला. साहित्याचं नुकसान झालं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मोबाइल उघडतो, तर काकांच्या ब्लॉगवर नवं पत्र. 'श्री. बनसोडे यांच्या ज्वारीविषयीच्या मताशी मी असहमत आहे.' खाली नाव: रा. ध. पडवळे, मंगळवेढा. मी उभ्या उभ्या वाचलं. काय पत्र होतं! काकांचा एकेक मुद्दा उचलून आपटला होता. पार्सल ऑफिसात पोती मोजून ज्वारीची चव कळत नसते, असा एक टोलाही होता. मी धावतच वर गेलो.

"काका, पडवळ्यांनी लिहिलं! बरे झाले वाटतं!"

काका एका रेडिओच्या पोटात पेचकस घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मी लिहिलं."

"त्यांच्या नावानं? स्वतःच्याच विरुद्ध?"

"इतकी वर्षं वाचतोय त्यांना. कुठं काय बोलतील ते मला पाठ आहे. सुनेच्या फोनवर पाठवलंय, वाचून दाखवते म्हणाली." मग जरा थांबून म्हणाले, "बाकीच्यांना वाटू दे, की ते अजून लिहितेत. नाव दिसत राहिलं पाहिजे माणसाचं."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. हळवं लिहिण्यात मी स्वतःला तयार समजतो, पण समोर खरंखुरं घडलं की माझी शब्दसंपत्ती 'हं' एवढीच असते. "हं," मी म्हणालो.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मंगळवेढ्याच्या सूनबाई होत्या. काकांचे हात रेडिओच्या धुळीनं भरलेले, म्हणून मीच स्पीकर चालू केला. तिकडं ती घाईघाईनं म्हणाली, "मामांस्नी बोलायचंय. दोनदा वाचून घेतलंय माझ्याकडनं. धरा हां."

मग नुसता श्वास ऐकू आला. नंतर एकेक शब्द.

"बनसोडे."

"बोला, पडवळे."

"तिसरा मुद्दा... पटला न्हाय."

काकांच्या हातातला पेचकस खाली पडला. "कोणता?"

"काळी माती म्हून ज्वारी चांगली, आसं लिवलंय. काळी माती वैरागात न्हाय व्हय? मी आसलं लिवीन का? माझं नाव घातलंय खाली!" आवाज अडखळत होता, पण चढत होता. मागून सुनेचं हसू की रडू ऐकू येत होतं, ते कळेना.

"मग कसं लिहिलं असतं तुम्ही?"

"सांगतो की. हात चालत न्हाय माझा."

काकांनी धुळीचे हात शर्टालाच पुसले. काकूंनी ट्रे ठेवून कुठूनतरी पेन आणलं. कागद मिळेना, तेव्हा मीच टेबलावरच्या वर्तमानपत्राचं राशिभविष्याचं पान फाडून पुढं केलं. काकांनी ते मांडीवर पसरलं आणि फोनवर वाकले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"हां, सांगा पडवळे. माझा हात चालतो. मी लिहून घेतो."

पलीकडून सावकाश काही आलं. काका प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत लिहीत गेले.

"'श्री. बनसोडे यांना... ज्वारीतले... काहीही... कळत नाही.' लिहिलं. पुढं?"