कुल्लाकाका

अप्पा मोहिते कुणाला ‘कशी आहेस’ असं विचारत नाहीत. ‘चूळ भरली?’ असं विचारतात. हरिशंकरपुरममधली आमची सगळी गल्ली त्यांना पाठीमागे कुल्लाकाका म्हणते; इथल्या हिंदीत चूळ म्हणजे कुल्ला.

वीजखात्यातून रिटायर झालेला, बायको गेलेला हा माणूस. रोज सकाळी थर्मास घेऊन शेअर-टेम्पोनं कॅन्सरच्या दवाखान्यात जातो आणि रेडिएशनच्या, म्हणजे इथल्या भाषेत सिकाईच्या, खोलीबाहेर बसतो. स्वतः ठणठणीत! वॉचमननं त्यांना दोनदा बाहेर काढलं. मग वॉचमनच्याच सासऱ्याच्या घशाची सिकाई सुरू झाली, तेव्हापासून अप्पांना खुर्ची मिळते.

मला हिरडीचा कॅन्सर निघाला आणि मी त्यांच्या तावडीत सापडले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटून निघालं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

“गिळू नको, फिरव! आता थुंक. परत!” अप्पा खेकसायचे. थर्मासातलं गलासभर कोमट पाणी, पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा. “झूठ मत बोल, सकाळची चूळ राहिली आहे तुझी.”

माझी नणंद प्रेमानं तिळाची कडक गजक घेऊन आली, तर अप्पांनी डबा हिसकावला. “तिच्या तोंडात फोड आहेत, माझ्या नाहीत,” म्हणून तिच्यासमोरच कडाकडा खाल्ली. नणंद पुन्हा आली नाही.

एक दिवस सिकाईच्या खोलीबाहेर मला चूळही सोसेना. मी गलास ढकलला आणि बोलवत नव्हतं म्हणून वहीत लिहिलं, ‘बस झालं.’

आता ओरडतील असं वाटलं. ते शेजारी बसले.

“माझी बायको कुमुद म्हणायची, सिकाईनं तोंडात आग होते. मी म्हणायचो, नाटक करून राहिली आहेस. वर भाजी अळणी झाली म्हणून तिलाच बोललो. मग तिनं खाणं सोडलं. मग बोलणं. मला वाटलं, रुसली. मीही अकरा दिवस बोललो नाही.”

मी लिहिलं, ‘तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.’

“सिस्टरनं कागद दिला होता. मीठ, सोडा, सगळं लिहिलेलं. दुखणं वाढलं तर डॉक्टरना सांगा, सुन्न करायचं जेल देतात, हेपण.” त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. “ती गेल्यावर वाचला.”

मग उठले आणि डॉक्टरांच्या दारावर तळहातानं थापा मारू लागले.

“हिला दुखतंय!” ते ओरडले. “कोई सुन रहा है? हिला दुखतंय!”