इल्फर्डला गेलेले बाबासाहेब

खोक्यातलं शेवटचं थर्माकोल बाजूला केलं आणि प्रज्ञेश मटकन जमिनीवर बसला. बाबासाहेबांऐवजी एक पिंजारलेल्या केसांचा, कपाळाला आठ्या घातलेला गोरा माणूस आतून त्याच्याकडे रागाने बघत होता.

नागपूरहून तीन महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला आलेली त्याची आई, गयाबाई, चष्मा पुसत जवळ आली.

"कोण होय रे हा?"

"बीथोवन, आई. म्युझिशियन. बहिरा झाला तरी शेवटपर्यंत संगीत लिहीत राहिला."

"चांगला माणूस दिसते. पण आपले बाबासाहेब कुठी हायेत?"

तोच तर प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी तीनला, तिथल्या लायब्ररीत बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याचं अनावरण होतं. जगाच्या इतिहासातल्या थोरामोठ्यांसाठी लायब्ररीने एक कोपरा राखला होता. तिथे डार्विन होते, मंडेला होते, नाइटिंगेलबाई होत्या. बाबासाहेबांना त्यात जागा मिळावी म्हणून कडूबाकाका चार वर्षं खेटे घालत होते. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तिथल्या आंबेडकरी मंडळाचे अध्यक्ष. पुतळा मागवण्याचं एवढं एकच काम त्यांनी प्रज्ञेशवर सोपवलं होतं. "इंजिनीअर माणूस तू, तुझ्याकडून चूक व्हायची नाही," असंही वर म्हणाले होते.

कंपनीच्या फोनवर पाऊण तास एकच सुरावट वाजत राहिली. तीही बहुधा बीथोवनचीच होती. शेवटी एका बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं की बदली पुतळा अठ्ठावीस दिवसांत येईल. प्रज्ञेशने हताश होऊन खोकं पुन्हा उपसलं, तर तळाशी मूळ गिऱ्हाइकाची चिठ्ठी सापडली. मिसेस डन, पियानो टीचर, इल्फर्ड, लंडन. खाली फोन नंबर.

"हो, ते चष्मेवाले गृहस्थ आठवडाभर माझ्याकडेच आहेत," मिसेस डन म्हणाल्या. "मला आधी वाटलं, चुकून शूबर्ट पाठवलाय, तोही चष्मेवाला संगीतकार. पण हे शूबर्टपेक्षा हुशार दिसतात."

"मी उद्या सकाळी येतो. प्लीज, तोवर त्यांना कुणाला देऊ नका!"

काकांना सांगायचं धाडस काही त्याला झालं नाही. सकाळी अकरा किलोचा बीथोवन पाठीवर घेऊन तो निघाला. रुळांचं काम चालू असल्यामुळे अर्धा प्रवास बसने करावा लागला. बसला गर्दी, म्हणून बीथोवन मांडीवर. दहाला पोहोचायचा तो इल्फर्डला बाराला पोहोचला.

बाबासाहेब पियानोवर होते आणि शेजारी ताजी फुलं होती.

"खाली नाव कोरलेलं दिसलं, मग सगळं वाचून काढलं," मिसेस डन म्हणाल्या. "माझी एक विद्यार्थिनी परीक्षेला घाबरून रडायची. तिला म्हटलं, यांना शाळेत पाण्याला हात लावू देत नव्हते, तरी ते लंडनला येऊन डॉक्टरेट घेऊन गेले. तू निदान ही एक ओळ तरी वाजव. तेव्हापासून वाजवतेय बिचारी." त्यांनी बीथोवनला पियानोवर ठेवलं आणि उसासा टाकला. "आता हा नुसता डोळे वटारणार."

परतीची ट्रेन मध्येच थांबली आणि पुढे सरकायचं नावच घेईना. तीनला दहा कमी असताना काकांचा फोन आला.

"कुठंय बाळा तू?"

"जवळच आहे, काका."

खिडकीबाहेर मेंढ्या चरत होत्या.

पावणेचारला तो धापा टाकत लायब्ररीशी पोहोचला. दार बंद होतं. काचेवर चिठ्ठी होती: हीटिंगचा बॉयलर बिघडल्यामुळे लायब्ररी आज बंद. मंडळाची वीसेक माणसं फुटपाथवर गारठत उभी होती. कडूबाकाका सूट घालून समोरच्या बसस्टॉपच्या बाकावर बसले होते. प्रज्ञेशला रडूच फुटलं. बीथोवनपासून मेंढ्यांपर्यंत त्याने सगळं कबूल करून टाकलं.

काकांनी समोरच्या बंद दाराकडे बघितलं.

"चार वर्षं," ते म्हणाले. "आणि शेवटी काय, तर बॉयलर." मग बाकावर शेजारी थाप मारली. "काढ बाहेर. मला तरी बघू दे."

प्रज्ञेशने पुतळा बाकावर ठेवला. गयाबाईने हात जोडले.

स्टॉपवर भाजीच्या पिशव्या घेऊन एक बाई उभी होती. ती वाकून पुतळ्याकडे बघत होती.

"माफ करा," ती इंग्रजीत म्हणाली, "हे कोण?"

काकांनी मान वर केली. उंची किती, वजन किती, दगड कुठला, हे चार वर्षांत सगळ्या साहेबलोकांनी विचारलं होतं. हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी टाय सारखा केला आणि बाकावर जरा सरकून जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो."

बाईची बस आली, दार उघडून थांबली आणि निघून गेली. त्यामागची दुसरीही गेली.